मशिदीची कमिटी, खिडकीवरचा दगड आणि बाहेरचा वक्ता : ब्रिटनमधल्या मुस्लिम संस्थांनी नेमकं काय करावं?

चिपळूणच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांचा भाचा इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या गावात मशिदीच्या कमिटीवर निवडून आला आहे. वर्षभरात मशिदीच्या खिडकीवर दोनदा दगड आले. एका बाहेरच्या वक्त्याच्या भाषणावरून गावच्या वर्तमानपत्रात ओरड झाली. वर कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, लोक विचारतात, इथल्या समाजात मिसळण्यासाठी तुम्ही काय करता? तीन आघाड्यांवर एकदम कसं लढायचं, आणि जर्मनी-फ्रान्सकडेही असंच असतं का?

हे तीन प्रश्न वेगवेगळ्या फायलींत ठेवण्याची चूक बहुतेक कमिट्या करतात. तिन्हींची सुरुवात एकाच जागी होते : इमारतीचा, व्यासपीठाचा आणि पैशाचा ताबा कोणाकडे आहे, आणि तो कागदावर दाखवता येतो का? ज्या संस्थेला हे दाखवता येत नाही तिला कट्टरपंथी सहज बळकावतात, आणि दगड खाल्ल्यावर तिचं म्हणणंही कोणी धड ऐकून घेत नाही.

उत्तर लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीचा इतिहास भाच्याने नीट समजून घ्यावा. १९९७ मध्ये तिथे अबू हमझा हा कट्टरपंथी उपदेशक इमाम झाला. कमिटीचे ट्रस्टी कामधंद्याची, संसारी माणसं. त्याच्या अंगरक्षकांसारख्या वावरणाऱ्या पोरांनी त्यांना हळूहळू त्यांच्याच इमारतीबाहेर काढलं. आधी तळघर गेलं, मग ऑफिस, मग दानपेटी. ट्रस्टी कोर्टात गेले तरी प्रत्यक्ष ताबा परत मिळेना. २० जानेवारी २००३ ला पोलिसांचा छापा पडला आणि फेब्रुवारीत चॅरिटी कमिशनने, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने, अबू हमझाला पदावरून दूर केलं. तरीही मे २००४ मध्ये अटक होईपर्यंत तो मशिदीबाहेरच्या रस्त्यावर दर शुक्रवारी खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, देत राहिला. फेब्रुवारी २००५ मध्ये पोलिसांच्या आणि इतर मुस्लिम संघटनांच्या मदतीने नवं विश्वस्त मंडळ बसलं, तेव्हा कुठे मशीद सुटली. ट्रस्टी त्याच्या विचारांचे नव्हते, त्यांनी तक्रारीही केल्या. पण सभासदांची यादी, नेमणुकीचं पत्र, कामावरून काढण्याची रीत, किल्ल्यांची नोंद हे सगळं ढिलं असलं की रेटून बसणाऱ्याला हटवायला वर्षं जातात.

म्हणून भाच्याचं पहिलं काम घटना, म्हणजे मशिदीचं ट्रस्ट डीड, काढून वाचायचं. साठ-सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या कित्येक मशिदी साध्या ट्रस्टच्या स्वरूपात आहेत आणि मिळकत चार-पाच जणांच्या वैयक्तिक नावावर आहे. त्यातले काही वारलेले असतात, काही मायदेशी परतलेले. लँड रजिस्ट्रीतून मालकीचा उतारा काढला की खरं चित्र कळतं. २०१३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये 'चॅरिटेबल इन्कॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन' हा प्रकार उपलब्ध आहे. त्यात संस्था स्वतःच कायदेशीर व्यक्ती असते, इमारत तिच्याच नावावर राहते आणि ट्रस्टी बदलले तरी मालकी हलत नाही. जुन्या ट्रस्टचं थेट रूपांतर करता येत नाही. नवी संस्था नोंदवून मिळकत, बँक खातं, नोकरांचे करार तिच्याकडे वर्ग करावे लागतात आणि मग जुना ट्रस्ट बंद करावा लागतो. यासाठी सॉलिसिटर लावावा. इथे पैसे वाचवायला गेलेल्या कमिट्या मिळकतीच्या हस्तांतरात हमखास अडकतात.

घटनेत तीन गोष्टी असायलाच हव्यात. एक, निवडणुकीआधी ठरावीक दिवशी सभासदनोंदणी बंद; मी नव्वद दिवस सुचवेन. हे नसेल तर निवडणुकीच्या आठवड्यात एका बिरादरीचे किंवा एका गटाचे दीडशे नवे सभासद वर्गणी भरून येतात आणि मशीद त्यांची होते. दोन, ट्रस्टींना मुदत. तीन-तीन वर्षांच्या दोन पाळ्या पुष्कळ झाल्या. तीन, इमाम हा लेखी करारावरचा नोकर असेल, आणि काढण्याची पद्धत त्याच करारात असेल. चॅरिटी कमिशनला ट्रस्टींतले बदल वेळेवर कळवावेत. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाचा चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे पडून राहिला की जुनीच माणसं कागदोपत्री विश्वस्त राहतात, तसंच तिथेही होतं. किल्ल्यांची वही ठेवावी, आणि ट्रस्टी बदलले की कुलुपं, अलार्मचे कोड, वेबसाइट आणि व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन त्याच आठवड्यात बदलावेत. आजच्या काळात मशीद बळकावायची सुरुवात बऱ्याचदा फेसबुक पानाच्या पासवर्डपासून होते.

पैशाची बाजू थोडक्यात. जुम्म्याची पेटी दोन माणसांनी मिळून मोजायची, नात्यातली नकोत. त्याच खोलीत आकडा वहीत लिहून दोघांनी सही करायची आणि रक्कम खर्चात न वळवता पुरती बँकेत भरायची. वर्षअखेरीपासून दहा महिन्यांच्या आत हिशेब आणि अहवाल कमिशनकडे गेला पाहिजे. तिकडची लाल रंगातली 'मुदत उलटली' ही नोंद कोणालाही ऑनलाइन दिसते, आणि वार्ताहर सगळ्यात आधी तीच बघतो. नीट हिशेबाचा फायदाही रोकडा आहे : करदात्या दात्याच्या प्रत्येक पौंडावर गिफ्ट एडचे २५ पेन्स सरकार देतं. शिवाय ३० पौंडांपर्यंतच्या फुटकळ रोख दानावर, वर्षाला ८,००० पौंडांच्या मर्यादेत, नाव-पत्ता नसतानाही २,००० पौंडांपर्यंत परतावा मिळू शकतो. त्यासाठी पेटीचा आठवडी हिशेब दाखवावा लागतो.

आता वक्त्याचं. भाच्याच्या मशिदीत बहुधा तेच झालं असणार जे सगळीकडे होतं. वक्ता कमिटीने बोलावलेलाच नसतो. कुणीतरी तरुण मंडळाच्या नावाने संध्याकाळचा हॉल भाड्याने घेतो, ट्रस्टींना फक्त 'सीरतवर (पैगंबरांच्या चरित्रावर) बयान' एवढंच सांगितलेलं असतं, आणि पत्रकावर मशिदीचा फोटो छापला जातो. दुसऱ्या दिवशी बातमी मशिदीच्या नावाने येते आणि जबाबदारीही मशिदीचीच ठरते. म्हणून हॉल भाड्याचा अर्ज आणि वक्त्याचा अर्ज एकच ठेवावा : वक्त्याचं पूर्ण नाव, विषय, आयोजक कोण, पत्रकाचा मसुदा, आणि तो याआधी जिथे बोलला अशा दोन ठिकाणांचे संपर्क. किमान दोन आठवडे आधी. एका ट्रस्टीने त्याची जुनी भाषणं इंटरनेटवर ऐकायची, आणि ज्या भाषेत तो बोलतो त्या भाषेतली ऐकायची. इंग्रजीत गोड आणि उर्दू-अरबीत विखारी बोलणारे असतात. शिया, अहमदी, यहुदी, समलिंगी यांच्याबद्दल किंवा आपल्याच पंथाबाहेरच्या मुसलमानांबद्दल तो काय म्हणतो, यावर माणूस ओळखता येतो. कार्यक्रमाला एक ट्रस्टी शेवटपर्यंत हजर हवा आणि माइक बंद करण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला हवा. नकार दिला तर त्याचं कारण इतिवृत्तात लिहावं. परवानगी दिली तर तेही लिहावं. उद्या चॅरिटी कमिशनने विचारलं तर 'आम्ही चांगली माणसं आहोत' हे उत्तर चालत नाही, इतिवृत्ताचं पान चालतं.

वर्णद्वेषाच्या प्रसंगी कमिट्या सगळ्यात जास्त कच्च्या पडतात, आणि त्यामागे भित्रेपणापेक्षा संकोच असतो. दगड आला की आधी काचा झाडल्या जातात, भिंतीवरचं घाणेरडं लिखाण फजरच्या (पहाटेच्या नमाजाच्या) आत रंगवून टाकलं जातं, कारण मुलांनी ते पाहू नये असं वाटतं. भावना समजते, पण पुरावा जातो. क्रम असा ठेवावा. घटना चालू असेल किंवा जिवाला धोका असेल तर ९९९, होऊन गेली असेल तर १०१ किंवा ऑनलाइन तक्रार. कशालाही हात लावण्याआधी फोटो : लांबून एक, जवळून एक, बाजूला मापासाठी पट्टी किंवा नाणं ठेवून एक. दगड किंवा चिठ्ठी उघड्या हाताने उचलू नये. पाकिटात पावडर असेल तर ते आहे तिथेच ठेवून खोली बंद करावी, पंखे-एसी बंद करावेत आणि ९९९ लावावा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बहुतेक यंत्रांत महिन्याभरात आपोआप पुसलं जातं, कधी त्याआधीच. ते त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवावं आणि यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही टिपून ठेवावं. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे गेली आणि यंत्र मागेच राहिलं, एवढ्यावरून पुरावा लंगडा झालेली प्रकरणं असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे बोललं गेलं ते शब्दशः लिहायचं. आपली माणसं जबाबात 'त्याने वाईट शिव्या दिल्या' एवढंच सांगतात, कारण मशिदीत उभं राहून ती शिवी उच्चारायला जीभ धजत नाही. पण कायद्याचा सगळा भार त्या शब्दांवर आहे. ब्रिटनमध्ये पोलिसांनी द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंद करायला पीडिताला किंवा अन्य कोणालाही तसं वाटणं पुरतं. न्यायालयात मात्र २०२० च्या सेन्टेन्सिंग ॲक्टच्या ६६ व्या कलमाखाली शिक्षा वाढवायची तर धर्माबद्दलचं किंवा वंशाबद्दलचं वैर सिद्ध व्हावं लागतं. शब्द नसतील तर उरते फक्त फुटलेली काच. म्हणून शिवी जशीच्या तशी, दिली त्याच भाषेत, वेळ आणि साक्षीदारासह लिहावी. पोलिसांकडून गुन्ह्याचा क्रमांक घ्यावा आणि नोंद 'धार्मिक द्वेष' म्हणून झाली आहे का हे स्पष्ट विचारावं. निव्वळ 'नुकसान' म्हणून लिहिलं असेल तर दुरुस्त करायला लावावं. खटला उभा राहिला तर एका व्यक्तीच्या जबाबाशिवाय संपूर्ण वस्तीवर काय परिणाम झाला याचं निवेदनही देता येतं. म्हाताऱ्या बायकांनी संध्याकाळी बाहेर पडणं सोडलं, मदरशातली पोरं कमी झाली, हे त्यात लिहायचं.

एक जाड वही ठेवावी आणि किरकोळ घटनाही तीत लिहाव्यात : गाडीतून फेकलेलं अंडं, हिजाब ओढण्याचा प्रयत्न, दारात टाकलेलं डुकराचं मांस, धमकीचा ईमेल. मशिदींसाठी गृहखात्याची संरक्षण योजना आहे. तिच्यातून सीसीटीव्ही, अलार्म, कुंपण यांचा खर्च मिळू शकतो. तिथे अर्ज करताना धोका दाखवायला ही वहीच कामी येते. योजनेची वाट न पाहता करण्यासारखंही बरंच आहे. रस्त्याकडच्या काचांना आतून फिल्म लावावी, म्हणजे काच फुटली तरी नमाजींवर उडत नाही. दारातली टपालाची फट बंद करून बाहेर कुलुपाची पेटी लावावी, कारण आग लावणारे पेट्रोल त्याच फटीतून ओततात. आणीबाणीच्या दाराला चोराच्या भीतीने साखळी घालू नये. रमजानमध्ये तरावीह, म्हणजे रात्रीची जादा नमाज, सुटण्याची वेळ सगळ्यात धोक्याची. १९ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर फिन्सबरी पार्कजवळ नमाज आटोपून फुटपाथवर आलेल्या लोकांवर व्हॅन घातली गेली. मकरम अली गेले, अनेक जखमी झाले. तिथल्याच मुस्लिम वेल्फेअर हाउस या मशिदीचे इमाम मोहम्मद महमूद यांनी चिडलेल्या जमावापासून त्या हल्लेखोराला वाचवून पोलिसांच्या ताब्यात दिलं. असं भान ऐनवेळी येत नाही. दंगा झाला तर कोणी कुठे उभं राहायचं, पोरांना कोणी आवरायचं, हे स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवलेलं असावं लागतं.

बहकणाऱ्या पोरांबद्दल कमिट्यांचा एक मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटतं, आमच्या मशिदीत असं कोणी नाही म्हणजे प्रश्न नाही. कमिटीने मशिदीतून हाकललेला, किंवा मशिदीतल्या उर्दू बयानातलं काहीच न कळल्याने आधीच दूर गेलेला मुलगाच बहुतेकदा फोनवर आणि बंद खोलीत दुसऱ्याचं ऐकायला लागतो. म्हणून भांडकुदळ प्रश्न विचारणाऱ्या पोराला बाहेर काढणं हे सगळ्यात वाईट पाऊल. त्याला नियमित वेळ देणारा, इंग्रजीतून बोलणारा आणि धर्मशास्त्र खरोखर शिकलेला माणूस हवा. गाझा, सीरिया, परराष्ट्र धोरण यांवर मशिदीत बोलायलाच बंदी घातली तर पोरं ते बोलणं दुसरीकडे नेतात. रागाला कायदेशीर वाट दाखवावी लागते : खासदाराला पत्र, परवानगीचा मोर्चा, नोंदणीकृत संस्थेमार्फत मदत. गाडीत रोकड भरून सीमेपलीकडे नेण्याची 'मदत' पूर्ण थांबवावी.

कट्टरतेकडे वळणाऱ्यांना आधीच ओळखून रोखण्याच्या सरकारच्या 'प्रिव्हेंट' योजनेबद्दल ब्रिटिश मुसलमानांत खोल अविश्वास आहे, आणि तो निराधार नाही. पाळत ठेवली जाते ही भावना लोकांनी स्वतःच्या पोरांवर झालेल्या चौकशांतून घेतली आहे. तरी नेमकं काय आहे ते ठाऊक हवं. २०१५ पासूनचं कायदेशीर बंधन शाळा, कौन्सिल, इस्पितळं, तुरुंग अशा संस्थांवर आहे. मशिदीवर ते नाही. अशा व्यक्तीला सावरण्याचा पुढचा 'चॅनेल' कार्यक्रम संमतीने चालतो, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागते. अतिउजव्या विचारांच्या गोऱ्या मुलांची प्रकरणंही तिथे मोठ्या संख्येने जातात. मात्र हल्ल्याच्या तयारीची ठोस माहिती असताना गप्प बसणं हा २००० च्या टेररिझम ॲक्टच्या ३८-ब कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे योजना आवडते की नाही हा प्रश्नच उरत नाही, फोन करावाच लागतो. कमिटीने रेषा आधीच लिहून ठेवावी : कोणती गोष्ट इमाम आणि पालक हाताळतील, कोणती बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे जाईल, आणि कोणती थेट पोलिसांकडे.

सुधारलेल्या संस्थेलाही जुना डाग कसा छळतो हेही फिन्सबरी पार्कच दाखवते. नवं मंडळ येऊन नऊ वर्षं झाल्यावर, जुलै २०१४ मध्ये, एचएसबीसीने 'आमच्या जोखमीच्या मर्यादेत बसत नाही' असं कळवून तिचं खातं बंद करायचं ठरवलं. मशिदीने माग काढला तेव्हा बँका वापरतात त्या वर्ल्ड-चेक या यादीत तिला दहशतवादाच्या वर्गात टाकलेलं निघालं. बदनामीचा दावा लावल्यावर २०१७ मध्ये यादीच्या तेव्हाच्या मालकांनी, थॉमसन रॉयटर्सने, माफी मागून १०,००० पौंड भरपाई आणि कोर्टखर्च दिला. म्हणून दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं चालू ठेवावं, त्यात निदान तीन महिन्यांचे पगार असावेत. खातं अचानक बंद झालंच तर प्रत्येक ट्रस्टीने डेटा संरक्षण कायद्याखाली स्वतःबद्दल काय माहिती ठेवली आहे ते मागावं. उत्तर द्यायला साधारण एक महिन्याची मुदत असते.

जर्मनी-फ्रान्सचं थोडक्यात. जर्मनीत मशीद बहुधा नोंदणीकृत संघ असते, नोंदणीला किमान ७ सभासद लागतात. संविधान-संरक्षण विभागाच्या, म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्याच्या, अहवालात अतिरेकी म्हणून नाव आलं की करसवलत जाते, आणि आपण तसे नाही हे संस्थेलाच सिद्ध करावं लागतं. तिथला मोठा प्रश्न परदेशी इमामांचा. कोलोनच्या डिटिब संघटनेच्या सुमारे ९०० मशिदींत तुर्की सरकारच्या पगारावरचे इमाम येत असत. डिसेंबर २०२३ च्या करारानुसार ही पद्धत हळूहळू बंद करून दरवर्षी १०० इमाम जर्मनीतच तयार करायचं ठरलं. फ्रान्समध्ये २४ ऑगस्ट २०२१ च्या कायद्यापासून धार्मिक संस्थांना १५,३०० युरोंपेक्षा जास्त परदेशी मदत जाहीर करावी लागते. मुस्लिमद्वेषाविरुद्ध काम करणारी सीसीआयएफ ही संघटना तर डिसेंबर २०२० मध्ये सरकारी हुकमाने विसर्जित झाली. मानवाधिकार संघटनांनी त्यावर कडक टीका केली. पण सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हुकूम कायम ठेवताना संघटनेच्या पोस्टखाली इतरांनी लिहिलेल्या, न पुसलेल्या द्वेषपूर्ण टिप्पण्यांचाही आधार घेतला. मशिदीच्या पानावरच्या टिप्पण्या रोज बघायला माणूस नेमावा तो याचसाठी.

राहिला कौन्सिलचा 'मिसळण्या'चा प्रश्न. मे २०१३ मध्ये यॉर्कच्या मशिदीसमोर मुस्लिमविरोधी निदर्शनं होणार होती, तेव्हा तिथल्या लोकांनी निदर्शकांपुढे चहा-बिस्किटं केली आणि शेवटी त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळले. ऑगस्ट २०२४ मध्ये साउथपोर्टच्या दंगलीनंतर लिव्हरपूलच्या अब्दुल्ला क्विलियम मशिदीचे इमाम ॲडम केलविक खाण्याचे डबे घेऊन समोरच्या निदर्शकांशी बोलायला गेले. हे मोठ्या मनाचं काम आहे. पण ते जमलं कारण शेजारी, चर्च, पोलीस ठाणं यांच्याशी संबंध आधीपासून होते. वर्षातून एकदा दार उघडून समोसे वाटले की झालं असं नाही. शुक्रवारी कुणाच्या फाटकासमोर गाड्या लागतात हे शेजाऱ्याने सांगितल्यावर पुढच्या शुक्रवारी तिथे स्वयंसेवक उभा दिसला, तर त्याचा परिणाम दहा आंतरधर्मीय परिषदांपेक्षा जास्त होतो.

आणि खरी कसोटी मशिदीच्या आत आहे. खुतब्याचा सार दर जुम्म्याला इंग्रजीतून व्हावा. कमिटीवर तिथेच जन्मलेली माणसं हवीत आणि स्त्रिया हव्यात, निव्वळ 'महिला विभागा'त नव्हेत, सही करणाऱ्या ट्रस्टी म्हणून. मदरशातल्या प्रत्येक शिक्षकाची गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि मारहाणीला लेखी बंदी हवी. निकाहाच्या बाबतीत तर कमिटीने आजच ठराव करावा. पुष्कळ मशिदी विवाहनोंदणीसाठी अधिकृत नाहीत, त्यामुळे तिथला नुसता निकाह कायद्याच्या लेखी लग्नच नसतं. २०२० मध्ये अपील कोर्टाने अख्तर विरुद्ध खान प्रकरणात हेच स्पष्ट केलं. वीस वर्षं संसार केलेली बाई घटस्फोटाच्या वेळी पोटगी आणि घरातला वाटा मागायला जाते आणि तिला कळतं की आपण कधी पत्नी नव्हतोच. रजिस्ट्रार ऑफिसचा दाखला आणल्याशिवाय निकाहाची तारीख द्यायची नाही, दाखल्याची प्रत निकाहनाम्याला टाचायची, आणि दोन्ही पक्षांना हा नियम बुकिंगच्या अर्जावरच लिहून दाखवायचा. हॉलचं बुकिंग बघणाऱ्या माणसाला एवढं नेमून दिलं की पुरे.